ती साल आणि ते साल

कादरमियांना नवा माणूस भेटला की ते आधी त्याला बाभळीची साल चघळायला देत आणि मग नाव विचारत.

लोक सदऱ्याच्या खिशात तंबाखूची चंची ठेवतात, ह्यांच्या खिशात सालीचे तुकडे असत. "चघळा," एवढंच म्हणायचं आणि समोर बसून तोंडाकडे बघत राहायचं. ती साल तोंडात गेली की जीभ टाळूला चिकटते, गाल आत ओढले जातात आणि आपण जन्मात कधी पाणी प्यालो होतो की नाही अशी शंका येऊ लागते. जो पटकन थुंकेल तो त्यांच्या लेखी संपला. "कस न्हाई," असं म्हणून ते मान फिरवत. सालीत कस असतो, तोच कातड्यात उतरतो, आणि माणसातही तो असावा लागतो, हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान.

मी थुंकलो नाही. ह्यात माझी काही थोरवी नव्हती. दिवसभर घर हुडकून मी इतका थकलो होतो की थुंकायचंही त्राण उरलं नव्हतं.

वसमतच्या स्टँडवर बुकिंग क्लार्क म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. गावात रिकाम्या खोल्या पुष्कळ होत्या. पण घरमालक आधी आडनाव विचारत, आणि 'खिल्लारे' म्हटलं की त्यांना एकदम आठवे की आपला पुतण्या गावाहून राहायला येणार आहे. वसमतात तेव्हा एवढे पुतणे येणार होते की त्यांच्यासाठी जादा गाडी सोडावी लागली असती. शेवटी कोणीतरी सांगितलं, सालीच्या वखारीत विचारा, तिथे मागची खोली पडून आहे.

कादरमियांनीही आडनाव विचारलं, पण साल चघळून झाल्यावर. मी सांगितलं. ते म्हणाले, "बराबर. झोप लागते का?"

"लागते."

"मंग ऱ्हावा. हितं वास लई येतो. लोकायला झोप लागत न्हाई म्हून खोली रिकामी हाय."

वास होताच. पुढच्या वखारीत बाभळीची साल छपरापर्यंत रचलेली, खाली कुटलेल्या सालीचा तांबडा भुगा. पावसाळ्यात त्याला ओल लागली की रात्रभर कोणीतरी चहा उकळत ठेवून विसरून गेल्यासारखं वाटे. पण मला खरोखरच झोप लागत असे. दिवसभर तिकिटाच्या खिडकीच्या गजांतून आत येणारे हात बघून झाल्यावर माणसाला कुठेही लागते.

माझे वडील खोली बघायला आले तेव्हा मात्र दारातच थांबले आणि त्यांनी नाकानं हवा ओढली. आमच्या घरानं दीक्षा घेतली त्या दिवशी वडिलांनी गावकीची कामं सोडली होती. कातड्याला पुन्हा हात लावायचा नाही अशी आण घेतली होती आणि ती पाळण्यासाठी मोलमजुरी करून मला शिकवलं होतं.

"एवढा शिकला," ते म्हणाले, "आन् पुन्यांदा ह्याच वासात आला व्हय रे?"

"ही नुसती साल आहे, बाबा. कातडं नाही."

"साल आली की मागून कातडं येतंच."

कादरमियांनी त्यांनाही तुकडा दिला. वडील जे चघळत बसले ते संध्याकाळच्या गाडीपर्यंत. दोघं फारसं बोलले नाहीत. जाताना वडील मला म्हणाले, "मानूस बरा हाय. खोली सोडू नको."

आता ह्या सालीचं थोडं व्याकरण सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मराठीत झाडाची ती साल आणि वर्षाचं ते साल. हा फरक आपण आईच्या मांडीवरच शिकतो. कादरमियांच्या घरची भाषा दखनी, धंद्याची मराठी. दोन्ही साली त्यांच्याकडे एकाच पोत्यात भरलेल्या होत्या, आणि दोन्ही 'ती'. औंदाची साल, गेल्या टायमाची साल, कोणती साल ते ऐकणाऱ्यानं आपल्या हिशेबानं ओळखायचं. आणि दुसऱ्या कोणी 'साल' म्हटलं की ह्यांचा हात आपोआप खिशाकडे जाई.

ह्यापायी एकदा सगळं कुरुंदा गाव गोत्यात आलं होतं. ही हकिकत मला कुरुंद्याच्याच एकानं तिकिटाच्या खिडकीवर सांगितली, मागे रांग खोळंबलेली असताना. दुष्काळाचं वर्ष. पीकपाहणीला तालुक्याचे साहेब आलेले. चावडीपुढे गाव चेहरे पाडून बसलेलं. मुद्दाम पाडायची गरज नव्हती, ते पडलेलेच होते. कादरमियांचं शेत कुरुंद्यात, म्हणून तेही आलेले, आणि वयानं मोठे म्हणून लोकांनी त्यांना पुढे बसवलेलं. साहेबांनी चष्मा पुसला आणि समोरच्या म्हाताऱ्याला मायेनं विचारलं, "काय बाबा, यंदा साल कसं काय?"

"एक नंबर हाय, साहेब," कादरमिया म्हणाले.

साहेबांचा लिहिता हात थांबला. "एक नंबर?"

"मागल्या खेपंपरीस जाड हाय. पानी कमी पडलं ना, लई बरं झालं. पानी कमी पडलं की साल कसाला चढते."

गावाला काय घडतंय ते कळेपर्यंत साहेबांनी पेनाला टोपण लावलं होतं. सरपंच उठून धावले. "साहेब, त्यो बाभळीचं बोलून राहिला! आमचं समदं जळालं हो!" जीपपर्यंत सगळे साहेबांच्या मागे समजावत गेले. शेवटी कादरमियांनी खिशातला तुकडा काढून साहेबांना चघळायला दिला, तेव्हा कुठे त्यांना पटलं. साहेब लागलीच थुंकले.

"कस न्हाई," कादरमिया म्हणाले. तेही सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं.

त्या दिवशी गाव त्यांना मारायचं बाकी राहिलं होतं, असं तो माणूस हसत हसत सांगून तिकीट न घेताच निघाला होता. मी त्याला हाक मारून परत बोलावलं. पण त्याच दुष्काळात कुरुंद्याच्या शेळ्या कादरमियांच्या बाभळीच्या पाल्यावर आणि शेंगांवर जगल्या, हे काही त्यानं सांगितलं नाही. ते मला पुढे शेत बघायला गेलो तेव्हा कळलं. ओळीतली कितीतरी झाडं थोटी राहिलेली दिसली म्हणून मी विचारलं, तर "बकऱ्यायनी खाल्लं" म्हणून त्यांनी विषय संपवला. शेळ्या झाडावर चढून फांद्या तोडत नसतात, एवढं मलाही कळत होतं. गावकऱ्यांना कोयते घेऊन रानात शिरू देणारा माणूस हाच असणार.

त्या शेताचीही एक गंमतच होती. सगळा मुलूख हळद लावतो, कापूस लावतो, आणि ह्यांनी ओढ्याकाठच्या रानात बाभूळ पेरलेली. पेरली म्हणजे रीतसर, ओळी धरून. बाभळीच्या शेंगा आधी शेळ्यांना खायला घालायच्या आणि मग लेंड्यांमधून बी वेचायचं. "बकरीच्या पोटात भिजलेलं बी बराबर उगवते. आपून कितीबी पान्यात भिजवा, त्याला खरं वाटत न्हाई," असं ते म्हणत. मग शेळ्यांच्या वाड्यात उकिडवे बसून लेंड्या निवडणारे कादरमिया बघून येणारा-जाणारा विचारी, "काय मिया, काय हारवलं?" बाभळी पेरून आंबे मिळतात का, हे तर लहान पोरसुद्धा त्यांना ऐकवून जाई.

"आंबे कोनाला पायजे?" ते म्हणत. "म्या बाभळीच मागून राहिलो."

मी शिकलेला माणूस म्हणून त्यांचं व्याकरण सुधारायचा प्रयत्न केला. संध्याकाळी दोघं वखारीच्या ओट्यावर बसलो की मी म्हणायचो, "चाचा, झाडाची ती साल. वर्षाचं ते साल. साल चांगली आहे म्हटलं तर बाभूळ. साल चांगलं आहे म्हटलं तर वर्ष."

"फरक काय हाय, बाबू? दोन्ही बी काढावीच लागते."

साल काढायची, मग ती झाडाची असो की आयुष्याची. मी नाद सोडला.

दुसरा एक शब्द मात्र मला चांगलाच महागात पडला. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. सेलूकडचे एक पाहुणे चौकशीला आले आणि मी ड्यूटीवर होतो म्हणून घरमालकालाच विचारू लागले. मुलीच्या बापानं विचारावं तसं सगळं विचारून झालं. व्यसन नाही, भांडण नाही, झोप चांगली लागते. शेवटी पाहुण्यांनी मुद्द्याचं विचारलं, "पोरगं कमावतं का?"

आता कादरमियांच्या जगात कमावतात ते कातडं. दुसरं काही कमावतात हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण तो अर्थ त्यांच्या मनात उशिरा पोचे. ते गंभीर झाले. "न्हाई जी," ते म्हणाले. "त्याच्या बापानं आन घेतली हाय. त्या घरात आता कोनीच कमावत न्हाई. तुमी बेफिकीर ऱ्हावा."

पाहुणे खरोखरच बेफिकीर झाले आणि पुढच्या गाडीनं सेलूला गेले. त्यांची तिकिटं मीच फाडली, मला काही माहीत नव्हतं. पुढे लग्न झालं ते फार उशिरा आणि दुसरीकडे, आणि तिथल्या पाहुण्यांना मी घरमालकापर्यंत पोचू न देता परस्पर स्टँडवरच गाठलं.

असा हा माणूस. पण त्यांचा धंदा माझ्या डोळ्यांदेखत बसत चालला होता. त्याचं कारणही ते एका अक्षरात सांगत.

"मोटेला 'र' लागला," ते म्हणत, "आन् आमचं संपलं."

विहिरीवर पाणी काढायला कातड्याची मोट असायची. एका मोटेला अख्खं जनावर लागे, आणि ते कातडं बाभळीच्या सालीत महिना महिना मुरवलेलं असलं तरच पाण्यात टिके. वीज आली, मोटेची मोटर झाली, आणि ती लोखंडाची. राहता राहिल्या वहाणा, तर त्यांचं कातडं शहरातले लोक आता पावडरीत बुडवून झटपट काढू लागले होते. कादरमियांना कोणीतरी तसल्या कातड्याचा तुकडा दाखवला. त्यांनी तो दातानं तोडून पाहिला, बराच वेळ चघळला, आणि थुंकले. थुंकताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

एकेक करून गावोगावचे कातडी कमावणारे तुटले. वखारीतली रास हलेनाशी झाली. राहिलं एकच गिऱ्हाईक, हट्ट्याचा सटवाजी. हा सटवाजी त्यांच्याच वयाचा. बापजाद्यांपासून कातडी कमावण्याचं काम, आणि बापजाद्यांपासून साल कादरमियांच्या घरची.

दर बाजाराच्या दिवशी कादरमिया दोन पोती साल घेऊन खिडकीवर येत. "हट्टा. एक फुल, दोन पोते." परभणीच्या गाडीच्या टपावर पोती चढवण्यावरून कंडक्टरचं आणि त्यांचं रीतसर भांडण होई.

"चाचा, काहून नेता हे? लाकूडफाटा दिसते नुसता," कंडक्टर म्हणे.

"तुला काय तकलीफ हाय? बसून राहिला का तुझ्या मांडीवर?"

संध्याकाळी परतले की चालण्यात जरा ऐट असायची. ओट्यावर बसायचे, खिशातून कातड्याचा एक तुकडा काढायचे आणि माझ्या नाकापुढे धरायचे. सटवाजी प्रत्येक खेपेला नमुना म्हणून कमावलेल्या कातड्याचा तुकडा देत असे. "घ्या वास. माझी साल हाय ह्याच्यात." मला तो वास वडिलांच्या आणेची आठवण करून देई, पण मी घ्यायचो. मग ते तो तुकडा दाताखाली धरायचे, जरा चावायचे आणि म्हणायचे, "बराबर." त्या एका शब्दावर त्यांचा पुढचा आठवडा जाई.

मला त्या शब्दाची काळजी वाटू लागली होती. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, एकुलती मुलगी जालन्याला दिलेली. बोलायला मी होतो, पण मी कामावरून आलो की बोलण्यासारखा उरत नसे. आठवड्यातला तो एक दिवस त्या माणसाला उभं धरून होता. हट्ट्याचं गिऱ्हाईक तुटलं तर त्यांना वखारीबाहेर पडायला कारण राहणार नाही, आणि कारणाशिवाय पाऊल उचलणारा हा माणूस नव्हता. सटवाजी किती दिवस पुरणार, एवढंच मला वाटत राही.

थंडीच्या दिवसांत त्यांना ताप भरला. बाजाराचा दिवस आला तरी उतरेना. माझी त्या दिवशी सुट्टी होती आणि सुट्टीच्या दिवशी मी काय करतो हे सगळ्या वसमतला ठाऊक होतं. मी झोपतो. तेवढ्यात त्यांनी खाटेवरून हाक मारली.

"बाबू, आज एवढं एक पोतं हट्ट्याला टाकून या. सटवाजी वाट बघून राहिला असंल. त्याचं काम खोळंबंल."

"पुढच्या बाजारी नेऊ की, चाचा."

"कातडं एकदा नांदीत भिजत घातलं की थांबत न्हाई, बाबू. साल न्हाई पडली तर सडते."

गेलो. ज्या गाडीत मी रोज लोकांना कोंबतो त्यात स्वतः कोंबून घेतलं, आणि टपावरच्या पोत्यावरून कंडक्टरचं बोलणंही ऐकून घेतलं. हट्ट्याला पोतं खांद्यावर मारून सटवाजीचं घर विचारत गेलो. वाटेत वडिलांची आठवण झाली आणि हसूही आलं. साल आली की मागून कातडं येतंच.

सटवाजी अंगणात बसला होता. मी सांगायच्या आधीच त्यानं पोतं ओळखलं आणि धडपडत उठला.

"मिया का न्हाई आला? काय झालं त्याला?"

"ताप आहे. फार नाही."

त्यानं माझ्या खांद्यावरचं पोतं उतरवायला हात दिला. जरा वेळानं त्यानं पाणी दिलं. मी पाणी पिता पिता इकडेतिकडे बघितलं आणि मला समजेना. कातडं भिजवायच्या दोन मोठ्या नांदी होत्या. एकीत कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि दुसरीत शेपूची भाजी उगवली होती. वास म्हणाल तर नुसता शेपूचा. पलीकडच्या छपरीत सालीची पोती आढ्यापर्यंत रचलेली, तोंडं शिवलेली, जशीच्या तशी. सगळ्यात वरच्या पोत्यावर एक मांजर झोपलं होतं.

"काम बंद आहे?" मी विचारलं.

"लई दिस झाले," सटवाजी म्हणाला. "पोरं साखर कारखान्यावर लागली. कातडं समदं शहराचे लोक कच्चंच उचलून नेतेत. म्या कोनासाठी कमावू?"

"मग ही साल कशाला घेता?"

तो बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा मारत राहिला. "न्हाई म्हणलं तर त्यो येईल का? तुमी त्याच्या घरात ऱ्हाता, तुमाला ठावं असंल. बिनकामाचा कोनाच्या दारात जात न्हाई त्यो. त्याचा बाप माझ्या बापाला साल घालायचा. आमी दोघं पोरं तवा सालीच्या गाडीवरच झोपून जायचो. आता ह्या वयात, 'गड्या, नुसता भेटाया येत जा,' असं कसं म्हणावं? शरम वाटते, बाबू. त्यापरीस साल घेतलेली बरी."

मग तो आत गेला आणि खुंटीवरून एक मोठं कातडं घेऊन आला. तांबूस, जाड, तेलानं मऊ झालेलं. कुरुंद्याच्या एका शेतकऱ्यानं मोटेसाठी सांगितलेलं रेड्याचं कातडं होतं ते. कमावून तयार झालं आणि त्या शेतकऱ्यानं मोटर बसवली. राहिलं पडून. त्याच्या कडा कापून कापून वेड्यावाकड्या झाल्या होत्या. सटवाजीनं रापी घेतली, डोळे बारीक करून कडेचा एक लहानसा तुकडा काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"हे त्याला द्या. म्हणा, परवाच नांदीतून काढलं. म्हणा, साल लई कसाची व्हती. आन् बाबू, बाकीचं काय सांगू नका."

परतीच्या गाडीत मी खोटं कसं बोलायचं ह्याची उजळणी करत होतो. तिकिटाच्या खिडकीवर बसणारा माणूस खोटं बोलायला सरावलेला असतो. 'गाडी येतेच आहे' हे मी रोज कितीदा तरी म्हणतो. पण हे जमेना.

कादरमिया खाटेवर उठून बसले होते. ताप उतरल्यासारखा वाटत होता. मी तुकडा दिला आणि एका दमात सांगून टाकलं. सटवाजी बरा आहे, काम जोरात आहे, परवाच नांदीतून काढलं, साल फार कसाची होती.

त्यांनी तुकड्याचा वास घेतला. चावला मात्र नाही. माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, साल चघळणाऱ्या माणसाकडे बघतात तसेच हे माझ्याकडे बघतायत.

"बाबू, खाटंखालचं गठुडं वढा."

मी ओढलं. जुन्या लुंगीत बांधलेलं गाठोडं होतं. त्यांनी गाठ सोडली आणि खाटेवरून उतरून ते जमिनीवर बसले. आत आजवरचे सगळे नमुन्याचे तुकडे. एकेक तुकडा ते फरशीवर लावत गेले, कडेला कड भिडवून, आणि प्रत्येक कड दुसरीला नेमकी बसत गेली. मानेचा भाग झाला, एका पायाचा झाला, पोटाची कड झाली. मध्ये मोठी मोकळी जागा राहिली. माझा आजचा तुकडा त्यांनी पोटाच्या कडेला टेकवला. तोही बसला.

"एकच जनावर हाय," ते म्हणाले.

मी त्या जुळलेल्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं.

"पहिल्यापासून ठावं हाय मला. नांद चालू असली तर मानसाच्या हाताला वास ऱ्हातो. सटवाजीच्या हाताला शेपूचा येऊन राहिला."

"मग साल नेता कशाला, चाचा?"

"न्हाई नेली तर त्याला समजंल ना, मला समजलं म्हून. शरमंल त्यो." ते थांबले. "आन् मंग म्या तिकडं काय सांगून जाऊ?"

मग त्यांनी पहिले तुकडे आणि अलीकडचे तुकडे शेजारी शेजारी ठेवले. पहिले तळहाताएवढे होते. आजचा सुपारीएवढा होता. "लेकाचा बारीक कापायला लागला," ते म्हणाले आणि हसले. "पुरवून पुरवून कापते. पाठीचं समदं राहिलं अजून. असं बारीक कापलं तर साल निघंल."

त्यांनी तुकडे गोळा केले आणि पुन्हा बांधले. मी खोलीत येऊन पडलो. मला कुठेही झोप लागते असं मी वर लिहिलं आहे, पण तेव्हा डोळ्याला डोळा लागला नाही. फार वाईट वाटत होतं, आणि त्या दोघांचा हेवाही वाटत होता. मी रोज एवढ्या माणसांना एवढ्या गावांची तिकिटं फाडून देतो, आणि मला भेटायला यावं म्हणून कोणी जनावराचा तुकडा पुरवून कापत नव्हतं.

पुढच्या बाजारी खिडकीच्या गजांतून ओळखीचा तांबडा हात आत आला. आजारपणानं जरा वाळलेला.

"हट्टा. एक फुल, दोन पोते."

मी तिकीट काढलं. ते देता देता त्यांच्याच भाषेत विचारलं, "काय चाचा, साल कशी हाय?"

त्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. मग तिथेच थांबला. त्यांनी टपावर चढणाऱ्या पोत्यांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"निघून राहिलं, बाबू," ते म्हणाले. "बराबर निघून राहिलं."

मी विचारली होती ती साल. त्यांनी सांगितलं ते साल. मागे रांग खोळंबली होती आणि कोणीतरी ओरडत होतं, तरी थोडा वेळ मी दुसरं तिकीट फाडलं नाही.